धारेला ‘आय’, अँपिअरला ‘ए’

प्रश्न दोन आहेत. करंटसाठी सूत्रात ‘आय’ का लिहितात, ‘सी’ का नाही? आणि ‘व्होल्टेज बारा व्होल्ट’ हे ‘व्ही = १२ व्ही’ असं लिहिलं तर दोन्ही ‘व्हीं’ना मराठीत ‘चिन्ह’च म्हणायचं का?

पहिल्याचं उत्तर फ्रेंचमध्ये आहे. विजेचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपिअर फ्रेंच. विद्युतधारेच्या, म्हणजे करंटच्या, तीव्रतेला त्यांच्या भाषेत ‘अँताँसिते’ म्हणतात आणि त्याचं आद्याक्षर रोमन ‘आय’. म्हणजे धारेला त्यांच्या भाषेतला शब्द चिकटला, तर धारेच्या एककाला खुद्द त्यांचं नाव.

‘सी’ मात्र अगदीच उपरा नव्हता. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८७३ सालच्या आपल्या ग्रंथात ‘ए’पासून ‘एच’पर्यंतची अक्षरं एकेका राशीला ओळीने वाटून टाकली, त्यात एकूण धारेच्या वाट्याला ‘सी’च आला होता. या वाटपात ‘सी’, ‘डी’, ‘ई’ त्या त्या इंग्रजी शब्दांशी जुळलेली दिसतात. पण चुंबकीय प्रेरणेचा ‘बी’ आणि चुंबकीय तीव्रतेचा ‘एच’ ही कशाचीच आद्याक्षरं नाहीत. ‘बी म्हणजे नेमका कोणता शब्द?’ असं विद्यार्थी विचारतात, तेव्हा ‘रांगेत दुसरा नंबर’ एवढंच खरं उत्तर आहे. धारेचा ‘सी’ गेला, हे दोघे टिकले.

आता दुसरा प्रश्न. खरी मेख इथे आहे. मोजली जाते ती राशी, आणि जिच्यात मोजतात ते एकक. आंतरराष्ट्रीय पद्धतीत राशीचं अक्षर तिरपं छापतात आणि एककाचं सरळ उभं. तिरपा ‘सी’ म्हणजे कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता), उभा ‘सी’ म्हणजे कुलोम (विद्युतभाराचं एकक). तिरपा ‘एच’ म्हणजे चुंबकीय तीव्रता, उभा ‘एच’ म्हणजे हेन्री (कॉइलच्या इंडक्टन्सचं एकक). फळ्यावर किंवा वहीत हा फरक कोण पाळतो? देवनागरीत उच्चार लिहिले की तो उरतच नाही. म्हणून मी तरी ‘राशीचं अक्षर’ आणि ‘एककाची खूण’ असे दोन वेगळे शब्द वापरतो. ‘चिन्ह’ चुकीचं नाही, पण ते दोघांनाही लागू पडतं आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

देवनागरीत आणखी एक गोष्ट हरवते. रोमनमध्ये मोठ्या आणि लहान अक्षरांना अर्थ असतो. व्यक्तीच्या नावावरून आलेल्या एककाची खूण मोठ्या लिपीत, ‘मिली’चा (हजारावा भाग) ‘एम’ लहान, ‘मेगा’चा (दहा लाख पट) ‘एम’ मोठा. आपण ‘५ एमव्ही’ लिहिलं तर ते मिलिव्होल्ट की मेगाव्होल्ट? दोहोंत शंभर कोटी पटींचा फरक आहे! त्यामुळे मराठी मजकुरात एककाचं नाव पूर्ण लिहावं: ‘५ मिलिव्होल्ट’. ‘व्हो.’, ‘अँ.’ अशी टिंब देऊन केलेली काटछाटही नको. मूळ खुणांनाही टिंब नसतं.

विद्युत रोधाचं एकक असलेल्या ओहमची खूण मात्र रोमन नाही, ग्रीक ओमेगा आहे, कारण रोमन ‘ओ’ आणि शून्य यांची गफलत झाली असती. जर्मन उच्चार ऐकाल तर तो ‘ओऽम’ असा आहे. मधला ‘ह’ फक्त स्वर लांबवतो. पण मराठीत ‘ओहम’ इतकं रुळलंय की ते बदलायचा हट्ट मी धरणार नाही. रोधाच्या व्यस्तासाठी (एक भागिले रोध) भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिन यांनी ‘ओहम’ची रोमन अक्षरं उलटी लावून ‘म्हो’ हे एकक सुचवलं. ही गंमत देवनागरीत साफ फसते. ‘ओहम’ उलटं वाचलं तर ‘महओ’ होतं.

१९७१ मध्ये त्या एककाला अधिकृत नाव मिळालं ‘सीमेन्स’. यातला शेवटचा ‘स’ जर्मन संशोधक-उद्योजक वेर्नर फॉन सीमेन्स यांच्या आडनावातलाच आहे, इंग्रजी अनेकवचनाचा नव्हे; ‘एक सीमेन’ असं काही नसतं. तसंही मराठीत एककांना इंग्रजी अनेकवचन लावायचं कारण नाही. आपण ‘दहा मीटर’ म्हणतो, ‘दहा मीटर्स’ नाही. तसंच ‘बारा व्होल्ट’, ‘दोन हेन्री’, आणि प्रत्यय लावताना ‘बारा व्होल्टचा’. ‘चार कोसांवर’मधल्यासारखं सामान्यरूप या पाहुण्या शब्दांना अजून तरी चढलेलं नाही.