पुण्यातल्या वेताळ टेकडीवर दगडाखाली सापडलेला काळा, न उडणारा भुंगेरा कोणता? विषारी आहे का?

वर्णनावरून टेनेब्रिओनिडी कुळातला, म्हणजे डार्कलिंग बीटल वाटतो. डसत नाही, घाबरू नका.

यातल्या बऱ्याच जातींचे पाठीवरचे टणक पंख मधोमध जुळून गेलेले असतात, म्हणून उडता येत नाही. पण त्याच कवचाखाली हवेची पोकळी असते आणि पोटावरची श्वासरंध्रं तिच्यातच उघडतात. त्यामुळे अंगातलं पाणी फार कमी उडून जातं. एप्रिलमध्ये टेकडीवरचं गवत पार वाळलेलं असतानाही हा जगतो, मला याचं खरंच अप्रूप वाटतं! खाणं म्हणजे वाळका पालापाचोळा.

हातात धरलात तर उग्र वासाचा द्राव सोडेल, त्यात क्विनोन नावाची झोंबणारी, डाग पाडणारी रसायनं असतात. माझ्या बोटांवर तपकिरी डाग पडला होता. डोळे चोळू नका, साबणानं हात धुवा. आणि उचललेला दगड होता तसाच परत ठेवा.