वाढणाऱ्याची टिप तिकिटात आली का?

प्रश्न : आम्ही दोघे गेल्या महिन्यापासून अमेरिकेत, टेनेसी राज्यात, मुलाकडे राहायला आलो आहोत. पुढच्या शनिवारी मुलगा, सून, दोन नातवंडे आणि आम्ही असे सहाजण पिजन फोर्जला घोड्यांचा खेळ पाहायला जाणार आहोत. खेळ चालू असतानाच जेवण वाढतात आणि त्याचे पैसे तिकिटातच घेतलेले आहेत. तरीही तिकिटावर ‘ग्रॅच्युइटी समाविष्ट नाही’ असे छापलेले आहे. मी एकतीस वर्षे नोकरी करून ग्रॅच्युइटी घेतलेला माणूस असल्यामुळे हा शब्द इथे वाचून मला काही उलगडा होईना. मुलगा म्हणतो की तिकिटाच्या एकूण रकमेवर २० टक्के टिप द्यावी लागेल. ती रक्कम ७०-८० डॉलरच्या घरात जाते. जेवणाचे पैसे एकदा भरल्यावर पुन्हा एवढे पैसे कशासाठी? आणि द्यायचेच असतील, तर नेमके किती?
— एक ज्येष्ठ वाचक

उत्तर : आधी शब्दाचे पाहू. आपल्याकडे ग्रॅच्युइटी म्हटले की, साधारणपणे किमान पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर मालकाने कर्मचाऱ्याला द्यायची रक्कम डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत हाच शब्द गिऱ्हाइकाने वाढणाऱ्याला द्यायच्या टिपसाठी वापरतात. तेव्हा आपल्या तिकिटावरच्या ओळीचा अर्थ असा, की आपण भरलेल्या पैशांत स्वयंपाक आला, घोडे आणि घोडेस्वार आले, दिवे आले, पण आपल्याला वाढणाऱ्याची टिप आलेली नाही.

ती कशासाठी द्यायची, हे तिथल्या पगाराच्या हिशेबातून कळते. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर आहे आणि २००९ च्या जुलैपासून ते तेवढेच आहे. मात्र ज्यांना नियमितपणे टिप मिळते अशा कामगारांना मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला फक्त २.१३ डॉलर दिले, तरी ते कायद्यात बसते, उरलेले ५.१२ डॉलर गिऱ्हाइकांच्या टिपमधून येतील, असे गृहीत धरलेले असते. हा २.१३ चा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही. काही राज्यांनी स्वतःचे दर याहून वर नेले, परंतु टेनेसीने आपले वेगळे किमान वेतन ठरवलेलेच नसल्यामुळे तिथे केंद्राचेच आकडे लागू होतात. टिप कमी पडली तर ७.२५ पर्यंतचा फरक मालकाने भरून द्यायचा असतो, हे खरे आहे. पण तो हिशेब आठवड्याचा असतो, एका रात्रीचा नसतो. म्हणजे दोन तासांच्या खेळात आपल्याला सुपापासून गोडापर्यंत सगळे वाढणाऱ्या मुलीला त्या दोन तासांपोटी मालकाकडून जेमतेम ४.२६ डॉलर मिळत असण्याची शक्यता आहे. बाकीचे तिला आपल्याकडून मिळायचे असतात. त्यामुळे तिथली टिप ही आपण खुशीने देतो तशी बक्षिसी उरलेली नाही. ती तिच्या रोजाचाच एक भाग झालेली आहे. ही पद्धत मला न्याय्य वाटत नाही. खुद्द टेनेसी राज्याने १९१५ मध्ये टिप देण्याघेण्यावर कायद्याने बंदी घातली होती. वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्येच तसे केले होते आणि आणखी काही राज्यांनीही तोच मार्ग धरला होता. परंतु १९२६ पर्यंत असे सगळे कायदे रद्द झाले आणि पद्धत राहिली. तिचा राग त्या मुलीवर काढून उपयोग नाही.

आता रकमेविषयी. टिप दिलीच पाहिजे, हे मुलाचे म्हणणे बरोबर आहे. पूर्ण तिकिटाच्या २० टक्के द्यावी, हे मला पटत नाही, जरी बरेच लोक तसा हिशेब करतात. साध्या हॉटेलात आपण जेवणाच्या बिलावर टिप देतो, कारण तिथे बिलात जेवणच असते. इथे ७० डॉलरच्या तिकिटातला मोठा भाग खेळाचा आहे आणि वाढणाऱ्याचा त्या खेळाशी संबंध नाही. म्हणून असा विचार करावा : असेच सूप, मुख्य जेवण, गोड पदार्थ आणि पेय टेबलावर आणून देणाऱ्या मध्यम प्रतीच्या हॉटेलात माणशी किती बिल झाले असते? ते ३० डॉलर धरले, तर त्याचे २० टक्के म्हणजे ६ डॉलर होतात. माझ्या मते ताटामागे ५ ते ८ डॉलर ही योग्य मर्यादा आहे. आपली सहा ताटे आहेत. ६ डॉलरप्रमाणे ३६ होतात, आपण सरळ ४० द्यावेत. मुलाने ८० दिले तर त्यात चूक काही नाही, पण ४० दिल्याने आपण कोणाचे काही बुडवले, असे वाटून घेण्याचे कारण नाही.

मुलांचे तिकीट कमी दराचे असते म्हणून त्यांची टिपही अर्धी धरावी, असे काहींना वाटते. तसे करू नये. ताट मोजावे, तिकीट मोजू नये. लहान मुलाचे ताट वाढायला तेवढेच श्रम पडतात आणि सांडलेले सरबत पुसायला वर आणखी एक फेरी होते.

मी स्वतः अशा एका खेळाला सहकुटुंब गेलो होतो. बसायला पायऱ्या-पायऱ्यांच्या रांगा, समोर लांबच लांब अरुंद फळी, तीच जेवणाचे टेबल. काटे-चमचे नव्हतेच, सूप कान असलेल्या वाडग्यातून तोंडाला लावून प्यायचे आणि बाकी सगळे हाताने खायचे. हे आम्हाला सोपे गेले, शेजारची मंडळी मात्र बराच वेळ अवघडून बसली होती. आमच्या रांगेला वाढणारी मुलगी विशीतली असावी. वीस-बावीस माणसे तिच्या एकटीकडे होती. दिवे मालवलेले, समोर घोड्यांच्या टापा आणि कर्णे, अशा आवाजात ती प्रत्येकाच्या खांद्यापाशी वाकून कानाशी विचारत होती. आमच्यात पाच ताटे शाकाहारी होती. आगाऊ कळवूनही त्यांतली दोनच आली, तेव्हा उरलेल्या तीन ताटांसाठी ती तो सगळा जिना पुन्हा उतरून मुदपाकखान्यात गेली आणि दुसरा प्रवेश सुरू व्हायच्या आत परत आली. धाप लागलेली असतानाही तिने आधी आमचीच माफी मागितली. त्या रात्री मी ताटामागे ८ डॉलर ठेवले. ते जास्त झाले असे मला आजही वाटत नाही. आपल्या घरात शाकाहारी कोणी असेल, किंवा कोणाला कांदा-लसूण नको असेल, तर वाढणाऱ्याचे काम वाढते, हे रक्कम ठरवताना लक्षात असू द्यावे. शाकाहारी जेवणाची सोय बहुतेक ठिकाणी असते, मात्र ते तिकीट काढतानाच सांगावे आणि बसल्याबरोबर पुन्हा एकदा सांगावे.

पैसे देण्याची वेळ आणि रीत यांतही लोक गोंधळतात. खेळ संपला की दिवे लागतात आणि पुढच्या खेळाची माणसे बाहेर ताटकळत असल्यामुळे रांगा भराभर रिकाम्या केल्या जातात. त्या गर्दीत ५० किंवा १०० ची नोट काढून सुट्टे मागणे दोघांनाही अडचणीचे होते. म्हणून ५ आणि १० च्या नोटा घरूनच मोजून खिशात ठेवाव्यात, गोड पदार्थ आला की सहाजणांचे पैसे एकत्र करावेत आणि शक्यतो तिच्या हातात देऊन आभार मानावेत. आणखी एक फसगत पुष्कळांची होते. वरून दोन पेये मागवली, तर फक्त त्या पेयांचे बिल येते आणि त्याखाली टिपसाठी रिकामी जागा असते. १२ डॉलरच्या बिलावर २० टक्के म्हणून २.४० लिहून माणसे समाधानाने उठतात. ती टिप पेयांची झाली. जेवणाची राहूनच गेली. कार्डाने द्यायची असेल, तर त्याच रिकाम्या जागेत सहा ताटांची पूर्ण रक्कम स्वतःच्या हाताने लिहावी.

प्रश्न : ऑर्लँडोतल्या एका कार्यक्रमाचे तिकीट काढताना आमच्याकडून १८ टक्के ‘सर्व्हिस चार्ज’ आधीच घेतला. आता तिथे पुन्हा टिप द्यायची का?
— सध्या फ्लोरिडात असलेल्या एक वाचक

उत्तर : सर्व्हिस चार्ज आणि टिप यांत कायद्याने फरक आहे. अमेरिकेच्या आयकर खात्याने २०१२ मध्ये दिलेल्या खुलाशानुसार, जी रक्कम द्यावी की न देता राहावे, किती द्यावी आणि कोणाला द्यावी हे गिऱ्हाईक स्वतः मोकळेपणाने ठरवते, तीच टिप होय. सक्तीने लावलेली रक्कम आधी मालकाची होते. मालकाने ती वाढणाऱ्यांत वाटली तर ती त्यांच्या पगारात धरली जाते. वाटली नाही, तर ती त्याच्याकडेच राहू शकते. उलट टिपमधला वाटा मालकाने किंवा मॅनेजरने घेण्यास २०१८ च्या केंद्रीय दुरुस्तीने स्पष्ट मनाई आहे. २०२५ ते २०२८ या करवर्षांसाठी टिपच्या उत्पन्नावर वर्षाला २५,००० डॉलरपर्यंत केंद्रीय आयकरात जी वजावट दिली आहे, तीही स्वेच्छेने दिलेल्या टिपलाच मिळते, सक्तीच्या सर्व्हिस चार्जला मिळत नाही.

म्हणून दारातच किंवा फोनवर एक प्रश्न विचारावा : “हे १८ टक्के वाढणाऱ्यांना जातात का?” हा प्रश्न विचारण्यात काहीही अशिष्ट नाही. उत्तर ‘हो’ असेल तर आपली टिप झाली. कोणी विशेष धावपळ केली तर ताटामागे एखाद-दुसरा डॉलर हातावर ठेवावा, तो ऐच्छिक. उत्तर ‘नाही’ असेल, किंवा गुळमुळीत असेल, तर वर सांगितलेला ताटामागे ५-६ डॉलरचा हिशेब धरावा. काही ठिकाणी मात्र सगळे आधीच धरलेले असते. त्याच परिसरात डिस्नेच्या फोर्ट विल्डरनेसमध्ये १९७४ पासून चालत आलेल्या ‘हूप-डी-डू म्युझिकल रिव्ह्यू’च्या दरात कर आणि टिप दोन्ही येतात. अशा ठिकाणी वेगळे काही देण्याची गरज नाही. तिकिटावरची बारीक अक्षरे जाण्याच्या आदल्या दिवशी, चष्मा लावून, वाचून ठेवावीत.

प्रश्न : नेव्हाडात वाढणाऱ्यांना पूर्ण किमान वेतन मिळते असे ऐकले. मग लास व्हेगासच्या कार्यक्रमात टिप टाळली तर चालेल का?

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे. नेव्हाडा, कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगॉन, अलास्का, मिनेसोटा आणि माँटाना या राज्यांत टिप मिळते म्हणून किमान वेतनात कपात करता येत नाही. नेव्हाडात ते २०२४ च्या जुलैपासून तासाला १२ डॉलर आहे. परंतु टिपची रीत तिथेही तशीच आहे आणि त्या शहरातले घरभाडे १२ डॉलरांत भागत नाही. ताटामागे ५ डॉलरच्या खाली जाऊ नये.

प्रश्न : आम्हाला सवलतीच्या कूपनावर जवळजवळ फुकट तिकिटे मिळाली. कार्यक्रम रटाळ होता, बटाटे गार होते आणि आमच्यासमोर खांब होता. आम्ही काहीच न ठेवता निघालो. नंतर मनाला चुटपुट लागून राहिली. आमचे चुकले का?
— एक दांपत्य

उत्तर : हो, चुकले असे मला वाटते, पण चुटपुट लागली हे आपल्या चांगुलपणाचे लक्षण आहे. तिकीट फुकट मिळाले तरी ताट कोणी तरी उचलून आणलेच होते, म्हणून सवलतीच्या तिकिटावरही टिप पूर्ण दराच्या जेवणाचीच धरायची असते. रटाळ कार्यक्रम आणि खांबासमोरची जागा यांपैकी काहीच वाढणाऱ्याच्या हातात नव्हते. बटाट्यांचेही तेच : शेकडो ताटे एकाच वेळी भरून ठेवायची आणि प्रवेश संपताच सगळीकडे पोहोचवायची, अशी तिथल्या मुदपाकखान्याची शिस्त असते, त्यात शेवटच्या रांगेला अन्न गार मिळते. अशा वेळी बटाटे आल्या आल्या तिला सांगायचे, म्हणजे ती ते बदलून आणू शकते; जेवण संपल्यावरची तक्रार मात्र मॅनेजरकडे करायची. वाढणाऱ्याने उद्धटपणा केला, मागूनही पाणी आणले नाही, आपली रांग सोडून ती व्यक्ती निघून गेली, तर टिप निम्मी करावी आणि कारण मॅनेजरला सांगावे, नाही तर विसरले असतील असेच समजले जाते.

आता काय करता येईल, हेही आपल्या मनात असेल. तिकिटावर वेळ आणि आसनक्रमांक असतो. त्या कार्यालयाला फोन करून त्या रात्री त्या रांगेला कोण होते हे विचारावे आणि तिच्या नावे पाकिटात रोख रक्कम पाठवू का, असे विचारावे. ते शक्य नाही म्हणाले, तर पुढच्या वेळी जी कोणी आपल्याला वाढेल तिला ताटामागे दोन डॉलर अधिक द्यावेत.