मंडई मेट्रो स्थानकाचा उपयोग नेमका कोणाला?

प्रश्न असा आहे की, पुण्यातील मंडई मेट्रो स्थानकाचा पेठेत राहणाऱ्यांना खरोखर उपयोग होतो का, की ते केवळ खरेदीला येणाऱ्यांच्या सोयीचे आहे. मी शुक्रवार पेठेत राहतो, त्यामुळे दोन्ही बाजू रोज पाहतो. माझ्या मते या स्थानकाचा मोठा लाभ बाहेरून येणाऱ्यांना झाला आहे. पेठकरांना तो मिळतो, पण आडवळणाने.

जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबर २०२४ रोजी सुरू झाला. तोवर पिंपरी-चिंचवडहून तुळशीबागेत यायचे म्हणजे एकतर बस बदलत यायचे, नाहीतर गाडी घेऊन ‘मिनर्व्हा’ किंवा ‘आर्यन’च्या वाहनतळाबाहेर रांगेत उभे राहायचे. (ही दोन्ही जुन्या चित्रपटगृहांची नावे, चित्रपटगृहे जाऊन वाहनतळ आले, तरी महापालिकेने दिलेली अधिकृत नावे फारसे कोणी घेत नाही.) आता पिंपरीहून साधारण अर्ध्या तासात माणूस मंडईत उतरतो आणि बाबू गेनू चौक, तुळशीबाग, शनिपार, लक्ष्मी रस्ता ही सारी ठिकाणे पायी उरकतो. वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्याला जिल्हा न्यायालय स्थानकात गाडी बदलावी लागते. ते स्थानक जमिनीखाली सुमारे ३३ मीटर असल्याने तेथील सरकत्या जिन्यांना लागणारा वेळ हिशेबात धरलेला बरा.

पेठेतल्या माणसाला मात्र भाजी आणायला मेट्रो लागत नाही. ज्या मंडईवरून स्थानकाला नाव मिळाले, ती १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून सुरू झाली. इमारतीवर एवढा खर्च करण्यास महात्मा फुले यांचा विरोध होता आणि पुढे तिला त्यांचेच नाव दिले गेले. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरत असे. म्हणजे येथील वस्ती आणि बाजार यांतले अंतर पिढ्यान्‌पिढ्या पायांनीच मोजले गेले आहे. आम्हांला मेट्रो उपयोगी पडते ती पेठेबाहेर पडताना: शिवाजीनगरला, न्यायालयात, पिंपरीच्या नोकरीवर किंवा स्वारगेटला एसटी पकडायला. दुचाकी काढताना गल्लीत आधी इतरांच्या चार गाड्या सरकवाव्या लागतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही सोय लहान वाटणार नाही.

ज्येष्ठांच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. स्थानकात उद्वाहक आहेत. अडचण आहे ती वाड्याच्या दारापासून स्थानकाच्या दारापर्यंतची. पदपथावर पथारीवाले, रस्त्यावर हातगाड्या आणि त्यांतून वाट काढणाऱ्या रिक्षा असा तो मार्ग आहे. सायंकाळी परतीच्या प्रवाशांच्या पिशव्या तपासणी यंत्रातून जाताना पाहिल्या, तर मेथीच्या जुड्या, पितळी समया आणि तुळशीबागेतल्या खेळभांड्यांची खोकी एकामागून एक सरकत असतात, आणि गुरुजींना लागणाऱ्या केळीच्या खांबांचे काय करायचे यावर कोणीतरी सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालत असते.

स्थानक आले म्हणजे वाड्यांचे भाग्य उजळणार, असेही पुष्कळ बोलले गेले. मेट्रो स्थानकाच्या ५०० मीटर परिसरात वाढीव चटईक्षेत्र, म्हणजे तेवढ्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी, देण्याचे धोरण आहे हे खरे, परंतु ते रस्त्याची रुंदी आणि भूखंडाचा आकार यांवर अवलंबून असते. पेठेतले वाडे बहुधा अरुंद बोळांत, लहान जागेवर आणि अनेक भाडेकरू व वारसदार असलेले आहेत. त्यामुळे या धोरणावर विसंबून घर घेण्याचा विचार असेल, तर आधी बोळाची रुंदी मोजावी आणि मगच विकसकाचे बोलणे ऐकावे.

गणेशोत्सवात यायचे असल्यास कसबा पेठ स्थानकावर उतरून दर्शन घेत मंडईपर्यंत चालत यावे आणि परतीची गाडी येथून पकडावी, म्हणजे गर्दीत उलटे फिरावे लागत नाही. २०२५ मध्ये विसर्जनाच्या रात्री मेट्रो अखंड चालू होती.

स्वारगेटपासून कात्रजपर्यंतच्या भुयारी विस्ताराला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली असून त्यात मार्केट यार्ड हे स्थानक आहे. ते झाले की घाऊक बाजार आणि मंडई एकाच मार्गिकेवर येतील. गाळेवाल्यांचा माल अर्थात टेम्पोनेच येत राहील. यार्डात हिशेबाला जाणाऱ्यांची फेरी मात्र वाचेल.