बदली बाबांची, फी मुलाची

सिएटलजवळच्या सॅमामिशच्या एका ताईंचं पत्र आलंय. पत्र कसलं, पुराणच! त्यातला मुद्द्याचा भाग असा:

‘यांची टेक्ससमधल्या ऑस्टिनला बदली झाली. मोठा यूडब्ल्यूत (युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन) दुसऱ्या वर्षाला, धाकटी दहावीत. आम्ही वॉशिंग्टन राज्य सोडलं की मुलाची इन-स्टेट, म्हणजे राज्यातल्या रहिवाशांची कमी फी गेलीच, असं सगळे सांगतात. म्हणून हे आणि धाकटी पुढे जातील, मी इथेच बेलव्ह्यूत वन बेडरूम घेऊन दोन वर्षं राहीन. की नुसता मैत्रिणीचा पत्ता लावला तरी चालेल?’

हे ‘सगळे’ म्हणजे कोण हो, ताई? गणपतीत प्रसादाच्या रांगेत भेटलेलेच ना? तुमची धास्ती खोटी नाही. तिथली फी राज्यातल्या मुलांना वर्षाला साधारण १३ हजार डॉलर, बाहेरच्यांना ४० हजारांच्या वर. पोटात गोळा येणारच. पण म्हणून नवरा एका टोकाला, बायको दुसऱ्या टोकाला आणि दोन घरांची भाडी? आणि मैत्रिणीचा पत्ता तर मुळीच नको, ते सरळसरळ खोटं निवेदन होतं.

वॉशिंग्टनचा कायदा तुमच्या बाजूचा आहे. अकरावी आणि बारावी या दोन्ही वर्षांचा किमान पाऊण भाग मुलगा तिथल्या शाळेत होता. तो बारावी होण्याआधीच्या पाच वर्षांत आईवडिलांचं किमान वर्षभर तिथेच कायमचं वास्तव्य होतं. शाळा सुटल्यावर सहा महिन्यांच्या आत त्याने सरकारी कॉलेजात प्रवेश घेतला. तुम्ही त्याच्या सातवीपासून तिथे, म्हणजे हे सगळं झालेलंच आहे. आता तुम्ही ऑस्टिनला जा नाहीतर अंटार्क्टिकाला. अट एकच उरते: प्रत्येक कॅलेंडर वर्षात त्याची तीन क्वार्टर, म्हणजे तिथली तीन सत्रं, भरली पाहिजेत.

आणि आता तुमचं ता. क. बघा. ‘पुढच्या वर्षी जून ते डिसेंबर ऑस्टिनमध्येच इंटर्नशिप मिळतेय, तेवढाच आमच्याजवळ राहील.’ ताई, हे वाक्य पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं! विंटर आणि स्प्रिंग, झाली दोनच. तिसरं कुठलं मोजणार? तुम्ही दोन वर्षं एकटं राहून जे वाचवायला निघालात, ते पोराने एका सहीत घालवलं असतं.

माझ्या बहिणीकडे हेच झालं. भाची अटलांटाजवळ शिकत होती आणि ही मंडळी डॅलसला गेली. जॉर्जियातही सलग शिकत राहिलं तर आईवडील गेल्यावरही इन-स्टेट दर टिकतो, तसा तिचा टिकला. मग बाईसाहेबांनी एक सेमिस्टर ‘ब्रेक’ घेतला. परत गेली तर बिलावर बाहेरच्या राज्याचा दर. बहीण मला रात्री दोन वाजता फोन करून रडत होती आणि भाची म्हणे, ‘मावशी, आय जस्ट नीडेड अ ब्रेक.’ घे बाई, पण आधी विचार तरी!

म्हणून मुलाला सांगा, इंटर्नशिप उन्हाळ्यापुरती घे. यूडब्ल्यूचं ऑटम क्वार्टर सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होतं, म्हणजे जूनच्या मध्यापासून तीन महिने हातात आहेतच. कंपनी डिसेंबरवरच अडून बसली, तर होकार देण्याआधी त्याने स्वतः युनिव्हर्सिटीच्या रेसिडेन्सी ऑफिसला (रहिवास ठरवणाऱ्या कचेरीला) ई-मेल करावा: समर क्वार्टर घेतलं तर तीनात धराल का? उत्तर लेखी घ्यावं. फोनवरचं ‘इट शुड बी फाइन’ बिल आल्यावर दाखवता येत नाही. आणि वॉशिंग्टनचा हा नियम ऐकून दुसऱ्या राज्यातल्यांनी हुरळून जाऊ नका. नॉर्थ कॅरोलायनात रहिवास सुटल्यावर बारा महिन्यांचीच सवलत असते.

धाकटीचं म्हणाल, तर तिला बाबांबरोबर आधी पुढे पाठवायचं खूळ डोक्यातून काढा. दहावी संपवून सगळे एकत्र जा. कॉलेज सुरू होण्याआधी तुमचं वर्षभराचं कायमचं वास्तव्य टेक्ससमध्ये झालेलं असलं की तिला तिथली इन-स्टेट फी मिळेल. फक्त यूटी ऑस्टिनचा आपोआप प्रवेश आता शाळेतल्या वरच्या पाच टक्क्यांनाच आहे, तेव्हा अकरावीत शाळा बदलल्यावर रँक कशी धरतात ते तिथल्या काउन्सेलरला विचारा.

घर विकायचं की भाड्याने द्यायचं, हे सीपीएला, म्हणजे तुमच्या हिशेबनीसाला, विचारा. सासूबाईंना थंडी कमी लागेल, हे मात्र खरं. मुलाचं लायसन्स वॉशिंग्टनचंच राहू द्या. आणि इंटर्नशिपच्या ऑफर लेटरवर त्याने अजून सही केलेली नाही ना, ते आज रात्रीच विचारा.