संपचा पंप घेण्याआधी एकदा लाईट घालवून बघा

भाऊ, तुमचा प्रश्न असा आहे की माशांचा टँक 4 बाय दीड बाय दीड फुटाचा, स्टँड अडीच फुटाचं, खाली कपाटात अडीच फूट बाय 1 फुटाचा संप (टँकचं पाणी खाली येऊन गाळलं जातं आणि पंपाने परत वर जातं ती पेटी) करून ठेवलाय, आता पंप कोणता घेऊ, कसा बसवू, आणि घरात कूलरचा 18 वॅटचा पंप पडून आहे तो चालेल का. मी धुळ्याचा, देवपुरात राहतो, सहा वर्षं झाली संप चालवतोय (घरचे विचारतात तुझा संप मिटणार कधी), त्यातली पहिली दोन वर्षं नुसत्या चुका करण्यात गेली. म्हणून जरा लांबलचक लिहितो.

कूलरच्या पंपाचं आधी. नाही चालणार. म्हणजे फिरेल, पाणी वर चढेलही, पण कामाचं नाही. त्याच्या खोक्यावर 1100 लिटर तासाला लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात एचमॅक्स 1.85 मीटर, आपण 1100 वाचतो आणि खुश होतो. ते 1100 म्हणजे पाणी अजिबात वर चढवायचं नसेल तेव्हाचे, आणि 1.85 मीटर म्हणजे जिथे धार शून्य होते ती उंची. मधे कुठे उभे आहात त्यावर धार ठरते. विहिरीवर मोटार बसवणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, हेड किती ते तो आधी विचारतो, फिशटँकवालेच विसरतात. तुमचा हेड मोजा: संपमधल्या पाण्याच्या पातळीपासून नळी जिथे सगळ्यात उंच जाते तिथपर्यंत. अंदाजे साडेतीन फूट येईल, त्यात एल्बो (पाइपाची वळणं) आणि नळीचं घर्षण धरून साडेचार फूट म्हणजे 1.4 मीटर पकडा. मी हा प्रयोग केलेला आहे, तेवढ्या उंचीवर कूलरच्या पंपाला 15 लिटरची बादली भरायला अडीच मिनिटं लागली, म्हणजे तासाला 360 लिटर. तुमच्या टँकमध्ये 250 लिटरच्या आसपास पाणी आहे, गोड्या पाण्याला तासाला चार-पाच फेरे तरी हवेत म्हणजे हजार-बाराशे लिटर, ते 360 मध्ये कुठून येणार.

तर खोक्यावर 3000 लिटर आणि एचमॅक्स 3 मीटरच्या आसपास लिहिलेला पंप बघा, तुमच्या उंचीवर तो साधारण निम्मा मिळतो, ते पुरेसं आहे. जास्त झाला तर वरच्या पाइपावर बॉल व्हॉल्व्ह लावून दाबता येतो, त्याने पंपाला काही होत नाही, पण पंप पाणी ओढतो ती बाजू कधीच दाबायची नाही आणि टँकमधून खाली येणाऱ्या पाइपावर तर व्हॉल्व्हच नको. वॅट पण बघा, 24 तास चालणारी वस्तू आहे, 45 वॅटचा पंप दिवसाला एक युनिटच्या थोडं वर खातो, महिन्याला 32. बिल वडील भरत असतील तर आधीच सांगून ठेवा.

आता खरा मुद्दा, आणि तो पंप कोणता हा नाहीच. लाईट गेल्यावर काय होतं हा आहे.

माझ्या पहिल्या सेटअपला रिटर्नचा पाइप, म्हणजे पंपाचं पाणी वर नेणारा, टँकमध्ये पाण्याखाली 5 इंच गेलेला होता. दुकानदार म्हणाला होता खाली सोडला की पाणी छान फिरतं, आणि मागे येऊ नये म्हणून एनआरव्ही (एकाच दिशेने पाणी सोडणारी झडप) टाकून देतो. दिली टाकून. चार महिने सगळं मस्त. मग जूनमध्ये वादळ आलं आणि रात्री अडीचला लाईट गेली. पंप बंद झाला की त्याच पाइपातून पाणी उलटं सायफन होऊन खाली येतं आणि पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत थांबत नाही. एनआरव्ही थांबवणार होती ना, तर तिच्या झडपेत एक गोगलगायीचं शिंपलं अडकून बसलं होतं, एवढंसं, जिऱ्याच्या दाण्याएवढं. आई पाणी प्यायला उठली आणि तिचा आवाज आला, "आरे भो, ऊठ, घरमा पानीच पानी शे!" बॅटरी लावून बघतो तर कपाटाच्या खालून पाणी निघून थेट कोपऱ्यातल्या दादर ज्वारीच्या पोत्यापर्यंत गेलेलं. ते अर्धं पोतं गच्चीवर वाळवलं, तरी वास गेला नाही, शेवटी गुरांना दिलं. आईने ते अजून सोडलेलं नाही, भाकरी टाकताना आठवण निघतेच.

हिशोब आधी केला असता तर कळलं असतं. तुमच्याच मापावर करू. टँक 4 बाय दीड म्हणजे 1 इंच पाणी उतरलं की 14 लिटर खाली येतं. संप अडीच बाय 1, त्यात 14 लिटर म्हणजे जवळजवळ अडीच इंच पातळी वर. म्हणजे वरचा 1 इंच खाली अडीच इंच होतो. संपची उंची 14 इंच आणि आतल्या कप्पे पाडणाऱ्या काचा 8 इंचाच्या असतील तर वर 6 इंच मोकळे, त्यातला 1 इंच काठाला सोडला की 30 लिटरची जागा राहिली, म्हणजे टँकमधून 2 इंचच उतरलेलं परवडतं, 5 इंच उतरले की 70 लिटर. माझ्याकडे हेच झालं. शिवाय पाइपात आणि ओव्हरफ्लोच्या डब्यात (टँकचं पाणी खाली जाण्याआधी ज्यात पडतं तो) साठलेलं पाणीही खालीच येतं, ते धरा.

म्हणून रिटर्नचं तोंड पाण्याखाली अर्धा इंच, त्याहून खाली नको. पाइपाला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली 3-4 मिलिमीटरचं भोक पाडायची पद्धत आहे, पाणी उतरलं की त्यातून हवा शिरून सायफन तुटतो. पाडा, पण शेवाळाने ते बुजतं, म्हणून पाइपाचं तोंड वरच ठेवायचं. एनआरव्हीवर माझा विश्वास उडालाय तो उडालाच. आणि वरून खाली पाणी यायला काचेला भोक पाडून घ्या, काठावरून उलट्या यू आकाराची नळी टाकून सायफन करतात ते नको. लाईट जाऊन आल्यावर त्यात हवा अडकली की पाणी खाली येणं बंद आणि पंप मात्र वर ढकलत राहतो. भोक पाडण्याआधी काच टफन (कडक केलेली) नाही ना ते विचारा, टफन असेल तर ड्रिल लागताच चुरा होईल.

उलटी बाजूही बघून घ्या, म्हणजे खाली येणारा पाइपच तुंबला तर. तेव्हा पंप शेवटच्या कप्प्यातलं जेवढं पाणी आहे तेवढंच वर टाकू शकतो. तो कप्पा 8 बाय 12 इंचाचा आणि पाणी 7 इंच असेल तर 11 लिटर, टँकमध्ये पाऊण इंच. म्हणून टँक काठोकाठ भरायचा नाही, 1 इंच मोकळा ठेवा.

बसवायचं तसं सोपं आहे. पंप शेवटच्या कप्प्यात, खाली पातळ स्पंज, नाहीतर रात्रभर कपाट गुणगुणतं. पंपाचं तोंड पाऊण इंची असेल तर पाइप पण पाऊण इंचीच, अर्ध्या इंचीवर आणून धार मारू नका. पहिला फूटभर मऊ नळी, मग पाइप, आणि मधे एक युनियन (हाताने उघडता येणारा जोड), म्हणजे साफ करायला पंप पटकन निघतो. खाली येणारा पाइप मात्र सव्वा इंची घ्या. पंप पूर्ण बुडवून एकदा तिरका करून आतली हवा बुडबुड करत जाऊ द्या, मगच चालू. वायर बोर्डापर्यंत जाण्याआधी खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी झोळातून टपकेल, प्लगमध्ये जाणार नाही. अर्थिंग आणि 30 मिलीअँपचं आरसीसीबी (शॉक बसायला लागला की लाईट तोडणारं बटण) नसेल तर माशांआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढायचा, दर वेळी.

उन्हाळ्याचं वेगळं सांगतो कारण पुण्या-मुंबईवाले हे सांगत नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात 44-45 म्हणजे नेहमीचं. संपवर छोटा पंखा लावला की पाणी थंड राहतं पण उडतंही, माझ्याकडे दिवसाला 5 लिटर जातं. आणि ते सगळं शेवटच्याच कप्प्यातून कमी झालेलं दिसतं, बाकीच्या कप्प्यांची पातळी काचांनी धरलेली असते. मघाच्या मापाच्या कप्प्यात 5 लिटर म्हणजे 3 इंच. दोन दिवस लग्नाला गेलात की पंप हवा ओढायला लागतो, तसाच कोरडा फिरला की जळतो. कप्प्यावर मार्करने रेघ मारा, रोज सकाळी तिथपर्यंत भरा. भरायला आरओचं चांगलं पाणी वापरा, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात, बोअरच्या पाण्याने भरत गेलात तर टीडीएस चढतच जातो आणि पंपाच्या आतल्या पंख्यावर पांढरी पुटं बसतात. ती महिन्या-दीड महिन्याने लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून जुन्या ब्रशने काढायची.

लाईट जास्त वेळ जात असेल तर बॅटरीवरचा एअर पंप ठेवा. 25 डिग्रीला पाण्यात लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 35 ला 7 च्याही खाली, त्यात पाणी थांबलं की मासे वर येऊन तोंड उघडतात. पंप इन्व्हर्टरवर घ्यायचा तर साइन वेव्हचाच, स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घुर्र करतो आणि तापतो.

सगळं जोडल्यावर मासे सोडायच्या आधी दोन दिवस नुसतं पाणी फिरवा, आणि तुम्ही स्वतः पाचसहा वेळा प्लग काढून बघा. पाणी चढायचं थांबलं की संपच्या काचेवर रेघ मारा. मग प्लग लावा, वरून खाली पाणी पुन्हा आपोआप सुरू होतं का बघा. एकदा रिटर्नचं ते बारीक भोक चिकटपट्टीने बुजवूनही बघा.

कूलरचा पंप ठेवा जपून, दर आठवड्याला टँकचं पाणी बदलताना कामाला येतो. आमच्याकडे ते पाणी अळूला जातं.