हॅरिस हॉकच्या पायाचा रंग बदललाय? आधी हे बघ

अरे मित्रा, तिकडे इंग्लंडमध्ये शिकारीसाठी पाळलेल्या तुझ्या हॅरिस हॉकच्या (ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्याच्या) पायाचा रंग बदललाय म्हणून घाबरू नकोस, आधी पक्षी हातातल्या जाड ग्लोव्हवर घे आणि भर उजेडात दोन्ही पाय शेजारीशेजारी बघ. दोन्ही सारखेच फिके पडले असतील तर बहुतेक खाण्याचं आहे, पायाचा पिवळा रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड या पिवळ्या-केशरी रंगद्रव्यामुळे येतो त्यामुळे कोंबडीच्या एक दिवसाच्या पिल्लांमधला बलक काढून टाकत असशील किंवा नुसते उंदीर देत असशील तर रंग उतरणारच, पण वजनही घसरत असेल तर गोष्ट वेगळी. एकाच पायावर डाग असेल तर ओल्या कापसाने पुसून बघ, नव्या अँकलेटचं (पायात बांधायच्या पट्ट्याचं) चामडं इंग्लंडच्या पावसात भिजलं की रंग सोडतं, कापसावर तपकिरी उतरलं की निम्मं टेन्शन गेलं. हिरवट दिसलं की लोक लगेच गँगरीन म्हणतात, तसं नसतं रे, पक्ष्यांमध्ये मुका मार दोन-तीन दिवसांत हिरवा पडतो, कारण रक्तातलं रंगद्रव्य तुटताना बिलिव्हर्डिन या हिरव्या रंगद्रव्यावरच थांबतं.

पण ग्रे स्क्विरलच्या, म्हणजे राखाडी खारीच्या शिकारीला पक्षी सोडला होतास का? तिचा चावा सांध्यापर्यंत खोल जातो, वरून नुसता ठिपका दिसतो, तिथे सूज आली किंवा हाताला गरम लागलं की थेट पक्ष्यांच्या व्हेटकडे. तळव्याला लाल चकचकीत चट्टा असेल तर बंबलफूटची (तळव्याच्या संसर्गाची) सुरुवात समज, त्यालाही व्हेटच. आणि बोटं जांभळी-काळी, थंडगार असतील तर अँकलेट आत्ताच्या आत्ता काप, पक्ष्याला घरात घे आणि लगेच व्हेटला फोन लाव, थंडीत हॅरिसला फ्रॉस्टबाइट (हिमदंश) होतो, मूळचा उष्ण प्रदेशातला पक्षी तो. बोटं चोळू मात्र नकोस, माणसांचं मलमही लावू नकोस.