शहरातले पाहुणे आठवडाभर आमच्या खेड्यात राहायला येणार आहेत. बघण्यासारखं काही नाही आणि शेतीची कामं तर थांबत नाहीत, मग काय करावं?

तुमच्या यजमानांचे मित्र मुंबईहून येणार, आणि त्यांना कंटाळा येईल याची तुम्हाला धास्ती वाटते. मी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यात राहते. घरी काळी जमीन, दोन म्हशी, सोयाबीन निघालं की हरभरा आणि ज्वारी. माझ्या लेकीची पुण्याच्या हॉस्टेलमधली मैत्रीण मार्गशीर्षात आठवडाभर आमच्याकडे राहून गेली. ती ठाण्याची, खेड्यात मुक्काम असा कधी केलेला नाही. त्या आठवड्यावरून मी ठामपणे सांगते: कामं थांबवू नका. पाहुण्याला कामाच्या बाजूला बसवूनही ठेवू नका. दुसऱ्या दिवसापासून त्याच्याकडे एक खरं काम सोपवा, रोजचं, त्याच्यावाचून अडेल असं.

पहिला दिवस मात्र झोपेचा. रात्रीच्या गाडीनं लातूरला पहाटे उतरलेला माणूस दमलेला असतो. बंबात पाणी तापवून द्या, नाश्त्याला चुरमुऱ्याची सुशीला करा. न्हाणीघर आणि संडास उजेडातच दाखवून ठेवा, रात्रीसाठी बॅटरी उशाशी द्या, कुत्र्याची ओळख करून द्या. मोबाईलला रेंज कुठं मिळते तेही सांगा. या गोष्टी पाहुणा संकोचानं विचारत नाही आणि त्यावाचून त्याचे पहिले दोन दिवस अवघड जातात.

आमच्या पाहुणीला मी डेअरीचं काम दिलं. सकाळी धार काढून झाली की दुधाची किटली घेऊन केंद्रावर जायचं, माप घालायचं, फॅट किती लागली त्याची चिठ्ठी घेऊन यायचं. पहिल्या दिवशी लेक बरोबर गेली, नंतर ती एकटीच जाऊ लागली. चिठ्ठीवरची फॅट रोज वहीत मांडायची. एका सकाळी फॅट उतरली तेव्हा तिनंच मला विचारलं, "काकू, काल सरकी पेंड कमी घातली होती का?" खरंच कमी घातली होती. केंद्रावर रांगेत उभं राहिल्यामुळं निम्मं गाव तिला नावानं ओळखू लागलं. तिची ओळख करून द्यायला मला घरोघर फिरावं लागलं नाही.

एक गोष्ट मी आधीच ठरवली होती. उशिरा पेरलेल्या हरभऱ्यात खुरपणी चालू होती, बायका रोजानं येत होत्या. पाहुणी हौसेनं येते म्हणून एखादीला "उद्या येऊ नको" म्हणायचं नाही. तिचा रोज बुडता कामा नये. पाहुणी जादाची म्हणून पातीला, म्हणजे खुरपणीच्या ओळीला, लागेल, जमेल तेवढं खुरपेल. तुम्हीही हे पाळा. आपल्या पाहुण्याची हौस गावातल्या कष्टकरी बाईच्या पोटावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

हरभऱ्याच्या रानात जाणाऱ्याला आंबेची कल्पना द्यावी लागते. या झाडाच्या पानांवर आंबट द्रव सुटतो, तीच आंब. पहाटे दवात तो भिजलेला असतो तेव्हा उघड्या पायांनी चाललं की कातडी चुरचुरते, आणि हाताला चीर असेल तर झोंबते. म्हणून अंगात पूर्ण बाह्यांचा जुना सदरा आणि पायात खराब झाली तरी चालतील अशी पायताणं हवीत. पूर्वी बायका पहाटे स्वच्छ धडपं पिकावरून फिरवून ते पिळून आंब भरून ठेवायच्या. पोटदुखीवर सासूबाई अजून तीच देतात. कोवळे शेंडे खुडले की झाडाला फांद्या फुटतात, आणि त्याच शेंड्यांचा शेंगदाण्याचं कूट घालून घोळणा होतो. पाहुणीनं दुपारी बांधावर भाकरीबरोबर घोळणा खाल्ला आणि रात्री घरी पुन्हा मागितला.

बांधावरचं जेवण चुकवू नका. सगळ्याजणी आपापली भाकरी सोडतात, कालवण एकमेकींच्या भाकरीवर जातं. कुणाचं वांगं, कुणाची येसराची आमटी, कुणाकडं नुसता ठेचा. तिथं पाहुण्याला प्रश्नही थेट येतात: वय किती, लग्न का नाही, पगार किती. पाहुणीला मी आदल्या रात्रीच सांगितलं होतं, की हे प्रश्न आपुलकीचे असतात, सांगावंसं वाटेल तेवढं सांग, आणि तूही त्यांना विचार. तिनं विचारलं. पातीला पुढं असणाऱ्या एका बाईनं तिला पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशाचं सगळं सांगितलं, आणि ठाण्याच्या पाहुणीनं तिथंच बसून कोणती कागदपत्रं लागतील ते लिहून दिलं. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढायचे नाहीत, हे आधीच बजावा. वाकून काम करणाऱ्या बाईला आपला तसा फोटो नको असतो.

संध्याकाळी पाहुण्याला घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसवा. पाहुणीनं सहज विचारलं, जुन्या वाड्यात एवढी मोठी माळवदाची, म्हणजे मातीच्या छताची, खोली असताना आजी पत्र्याच्या खोलीत का झोपतात. सासूबाईंनी तिला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट सांगितली. किल्लारी आमच्याच तालुक्यात. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते आणि चारच्या सुमाराला जमीन हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. माणसं झोपेतच त्याखाली गेली. त्यानंतर आमच्या भागात कित्येक घरांनी माळवदाखाली झोपणं सोडलं. सासूबाई तिच्याशी जे बोलल्या त्यातलं काही मी सून म्हणून इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. बाहेरच्या माणसानं विचारलं की बोललं जातं.

पाण्याचंही तसंच. नळ सोडून दात घासायची सवय शहरात सगळ्यांनाच असते, त्यात पाहुण्याचा दोष नाही. टोकण्याऐवजी मी तिला एप्रिल 2016 मधलं सांगितलं, मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून लातूरला पिण्याचं पाणी आलं होतं ते. त्या गाडीबद्दल तिनं बातम्यांत ऐकलं होतं, पण आपण ज्या गाडीनं आलो ती त्याच स्टेशनात थांबते हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं.

शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती, म्हणजे पंप रात्रीच चालायचा. हे आणि लेक तुषार सिंचनाचे पाईप बदलायला निघाले तशी पाहुणीही घोंगडी घेऊन गेली. एवढ्या थंडीत नको, असं मी म्हटलं, पण तिनं ऐकलं नाही, आणि मला ते आवडलं.

फिरायचं म्हणाल तर एकच दिवस ठेवा. आम्ही औशाचा भुईकोट किल्ला आणि खरोशाची लेणी एका दिवसात केली. छान झालं, पण परत आल्यावर ती आधी म्हशीपाशी गेली. जेवणाचंही तेच, रोज पुरणपोळी, श्रीखंड केलंत तर तुम्ही चुलीपाशीच अडकाल आणि पाहुण्याचं पोट बिघडेल. भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, करडईचं तेल, रात्री मिठाच्या पाण्यात उकडलेल्या तुरीच्या शेंगा. भाकरी शिकायची असेल तर पहिलं पीठ उकळत्या पाण्यात मळून द्या. ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नसतो, थंड पाण्यात मळलेली भाकरी थापताना चिरते. शेजारी प्रत्येक घरी चहा होणार, तेव्हा "अर्धा कप, साखर कमी" म्हणायला पाहुण्याला शिकवा. नको म्हटलं की लोकांना वाईट वाटतं.

आठवड्याच्या शेवटी आमच्याकडे वेळ अमावास्या होती, आम्ही येळवस म्हणतो. ही लातूर, धाराशिवची मार्गशीर्ष अमावास्या. आदली रात्र बायकांची जागण्यात जाते: ओला हरभरा, तुरीचे दाणे, वाटाणा, पालेभाज्या बेसनात शिजवलेली भज्जी, ताकातली ज्वारीची आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. सकाळी सगळं डोक्यावर घेऊन रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे खोपटं, करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा, मग "ओलगे ओलगे, सालम पोलगे" म्हणत रानभर आंबील शिंपडायची. त्या दिवशी लातूर शहरही ओस पडतं, कारण ज्याला रान नाही त्याला कुणीतरी आपल्या रानात जेवायला बोलावतंच. पाहुणीला डेअरीवर ओळख झालेल्या घरांची बोलावणी आली. आमची कोप सोडून ती चार रानांत जेवून आली, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

तुमचे पाहुणे येत असतील तो महिना बघा आणि त्या महिन्यातलं एक काम निवडून ठेवा. जूनमध्ये पेरणीमागं चालणं, ऑक्टोबरात सोयाबीनच्या राशीवर पोती धरणं. मे महिन्यात रानात काम कमी आणि ऊन फार, तेव्हा शक्य असेल तर तारीख पुढं ढकलायला सांगा. शेजाऱ्यांना आधी कळवा, जुने कपडे आणायला सांगा. तुमचा भाग कुठला आणि पीक काय, हे खाली लिहिलंत तर त्यांच्याकडे कोणतं काम सोपवता येईल ते मी सुचवेन.